जाळीच्या कपाटातली चोरी

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आमच्या बॅचला एक वाईट खोड लागली होती, दुसऱ्याच्या वॉच ग्लासमध्ये, म्हणजे पदार्थ ठेवायच्या काचेच्या बशीत, डोकावायची. ऑरगॅनिकच्या लॅबमध्ये दिवसभर पायांचे तुकडे पडेस्तोवर उभं राहून जे काही तयार करायचं, त्याचं शेवटी वजन व्हायचं. वजन चांगलं तर मार्क चांगले. त्यामुळं ‘तुझं किती आलं?’ हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी, आणि उत्तर ऐकलं की पोटात दुखणं ठरलेलं. माझ्याही दुखायचं, खोटं कशाला बोलू!

त्या शुक्रवारी क्विनोन करायचं होतं. पिवळ्याधमक सुयांसारखे स्फटिक, बघत राहावं असे. पण वास असा की डोळ्यांतनं धारा लागाव्यात, आणि हात लावला की बोटं तपकिरी. संध्याकाळी आम्ही ते गाळलं, फिल्टर पेपरात दाबून कोरडं केलं, मॅडमसमोर वजन केलं आणि रोल नंबरची चिठ्ठी लावून जाळीच्या कपाटात ठेवलं. सोमवारी पुन्हा वजन करून पुडी बांधून द्यायची होती. कपाटाला कुलूप कधीच नसायचं. बाकीच्यांनी आपापल्या वॉच ग्लास उघड्याच ठेवल्या. मी माझ्या काचेवर दुसरी वॉच ग्लास उपडी घातली आणि दोऱ्यानं गच्च बांधली.

आमचं घर कबनूरचं. भिंतीपलीकडं माग, त्यामुळं कापसाचं बारीक तूस घरभर उडत असतं. पाण्याचा तांब्या क्षणभर उघडा राहिला तरी आई ओरडते. झाकण दिसलं नाही की माझे हात आपोआप ते शोधायला लागतात. माझ्या टेबलावर माझ्यासोबत काम करणारी मैत्रीण गारगोटीची होती. ती खो खो हसली. म्हणाली, “काय गं, दूध हाय व्हय, मांजर प्यायला?”

सोमवारी वजनं झाली. सगळ्यांचं कमी भरलं होतं. काहींचं तर निम्म्यावर आलं होतं. माझं मात्र शुक्रवारी होतं जवळपास तेवढंच.

सगळे बघत होते, आमच्या टेबलाकडं. मग मागनं एक पोरगा म्हणाला, “आपलं सगळ्यांचं गेलं आणि एकाचंच ऱ्हायलं, हे कसं काय ओ मॅडम?”

मॅडम त्याच सत्रात आल्या होत्या. नेहमीचे सर रजेवर, म्हणून आमची बॅच त्यांच्या गळ्यात पडलेली. वर्ग हातातनं सुटेल या धास्तीत त्या कायम असायच्या. मी म्हटलं, “मॅडम, ओलावा गेला असेल त्यांचा.” त्या म्हणाल्या, “ओलावा गेला म्हणून निम्मं होत नाही. आणि मग तुझा का नाही गेला?”

तेवढ्यात माझी टेबलवाली हळूच बोलली, “मॅडम, ही शनिवारी आलती लॅबमध्ये. एकटीच.”

आले होते. अ‍ॅप्रन विसरला होता तो न्यायला. पण तिच्या तोंडनं ते असं बाहेर पडलं की मलाच माझा संशय यावा! माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी ओरडले, “अगं, तुला सांगून आले होते की!” ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “हिची बॅग बघा की मॅडम. म्हणजे विषयच संपला.”

बॅग टेबलावर पालथी झाली. अ‍ॅप्रन, डबा, कंगवा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पॅड्स. सगळ्या पोरांसमोर. शरमेनं माझे कान तापले. पिवळा कणही सापडला नाही. त्यावर तो मागचा पोरगा म्हणतो कसा, “बॅगेत कशाला ठेवील? ती काय येडी हाय?” म्हणजे सापडलं असतं तर चोर, नाही सापडलं तर हुशार चोर!

मॅडम म्हणाल्या, “खरं काय ते उद्यापर्यंत सांग. नाहीतर जर्नलवर सही मिळणार नाही.” सही नाही म्हणजे प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसायला नाही, म्हणजे वर्ष गेलं. बाबा मागावर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगत असतात, पोरगी केमिस्ट्री करतीया. त्यांना काय सांगणार होते मी? चोर ठरले म्हणून?

डोळे पुसत मी पुडी बांधायला गेले, आणि बाजूला काढून ठेवलेल्या वरच्या काचेकडं लक्ष गेलं. तिला आतल्या बाजूनं पिवळ्या सुया चिकटल्या होत्या. मी तर सगळं खालच्या काचेत ठेवलं होतं. हे वर चढलं कसं? मग कपाटात डोकं घातलं. तोच वास, डोळ्यांत पाणी आणणारा. आणि मला ट्रंकेतल्या डांबरगोळ्या आठवल्या, कुणी हात न लावता विरून जातात त्या.

मी मॅडमना तिथंच गाठलं. “माझंच क्विनोन घ्या. दोन भाग करा, एक उघडा, एक झाकलेला. वजन तुम्ही करा. कपाटाला कुलूप घाला, किल्ली घरी न्या.” माझा आवाज चढला होता, पण त्यांनी कुलूप आणवलं. पोरांनी ते दोनदोनदा ओढून बघितलं. माझ्यावर विश्वास कुणाचाच नव्हता.

मंगळवारी सगळ्यांसमोर कुलूप निघालं. झाकलेलं जवळपास तेवढंच होतं. उघडं बरंच कमी झालं होतं.

“अगं हो, हे हवेत उडतं,” मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या. “माझ्या लक्षात यायला हवं होतं.” त्यांनी लगेच जर्नल मागवून सही केली. मागचा पोरगा ओरडला, “आयला, चोराला पंख हाईत की!” सगळे हसले. मला हसू येईना. आदल्या दिवशी माझी बॅग बघणारे हेच सगळे होते.

बेसिनपाशी मी हात धूत होते. टेबलवाली आली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “मला माहीतच होतं गं, तू न्हाईस ते.”

“माहीत होतं?” मी म्हटलं. “मग बॅग उघडायला का लावलीस?”

तिनं खांद्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, “सगळी आपल्या टेबलाकडं बघत हुती. तुझ्यावर न्हाई तर माझ्यावर आलं असतं की.”

मी हात पुसले आणि टेबल बदलून मागायला मॅडमकडं गेले.