तिघांची तीन फ्रेमवर्क

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी आपोआप साचतात. एक म्हणजे खालच्या गिरणीतलं पीठ आणि दुसरे किस्से. पीठ रोज झाडून निघतं. किस्से राहतात, कारण चहाला कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "काय मग, ती साइट उभी कशी केलीत?" आणि मी सांगत बसते.

महाडात पुराचं पाणी घरात शिरतं, शहाणा माणूस कॉम्प्युटर तळमजल्यावर ठेवत नाही, म्हणून आम्ही गिरणीच्या वर. माणसं तीन. पवार सर, मुंबईच्या कंपनीतून निवृत्त होऊन गावी परतलेले. कविता, उमरठची, पुण्यात कोर्स करून आलेली. आणि मी. काम गावकऱ्यांच्या एका मंडळाचं होतं. पावसाळ्यात डोंगराखालच्या वाड्यांतली माणसं शाळेत हलवतात. कोण शाळेत पोचलं, कोण अजून घरी आहे, हे मुंबईतल्या नातेवाइकांना मोबाइलवर दिसावं, एवढीच साइट. पण ती पावसाच्या आधी हवी होती. दरड कुणासाठी थांबत नाही.

*

जावा भाषेत करायचं ठरलं आणि पहिल्याच मीटिंगला वाद झाला. वेब प्रोजेक्टला फ्रेमवर्क लागतं, म्हणजे तयार सांगाडा. त्यावर आपण आपलं काम चढवायचं. सरांना स्ट्रट्स यायचं, कविताला स्प्रिंग आणि मला हायबरनेट.

"सर, स्ट्रट्स आता कोण वापरतं?" कविता म्हणाली.

"मी," सर म्हणाले.

मी म्हटलं, कुठलंही एकच घेऊ, बाकीचे दोघं ते शिकतील. सरांनी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "शिकायला वेळ आहे?"

"नाही."

"मग ज्याला जे येतं ते त्यानं करायचं. स्क्रीन माझे, मधलं सगळं कविताचं, डेटाबेस तुझा. तिन्ही एकत्र जोडायची."

"जोडायचं कोणाला येतं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "कोणालाच नाही. ते तेवढं शिकू."

*

जोडायला लागलो आणि रस्त्याच्या कामात कोणीतरी केबल तोडली. ऑफिसचं नेट गेलं. प्रोजेक्टला जार लागतात, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडचे गठ्ठे, आणि ते नेटवरून उतरवावे लागतात. कविताच्या मामेभावाचं पोलादपूरला झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं नेट होतं. ती पेनड्राइव्ह घेऊन एसटीनं गेली, जार घेऊन आली. चालवून बघितलं तर त्या जारला आणखी एक जार हवी होती. ती परत गेली. मग त्या दुसरीला तिसरी हवी होती.

चौथ्या फेरीला कंडक्टरनं तिकीट देता देता विचारलं, "काय गो, सारखी कुठं जातेस?"

"जार आणायला."

"म्हंजे बरणी ना? म्हाडात बरण्या मिळत नाय काय?"

"मिळतात हो. पण ही एक आणली की दुसरी मागते."

कंडक्टरनं पंच खिशात घातला. "आमच्या घरात पन तसंच हाय," म्हणाला आणि पुढच्या सीटकडे गेला.

कवितानं मात्र हार मानली नाही. कुठली जार कुठल्या जारशी भांडते, ते वहीत लिहून काढलं आणि दोन दिवसांत सगळ्या जागेवर बसवल्या. ती वही ऑफिसात अजून आहे. सर तिला 'सोयरीक वही' म्हणतात.

*

यानंतरचा किस्सा सांगताना मी हसत नाही.

तिन्ही फ्रेमवर्क एकत्र चालायला लागली, तेव्हा आम्ही मंडळाच्या लोकांना बोलावलं. वाडीवाडीतले कार्यकर्ते आले. त्यांत कशेडीकडच्या एका वाडीतले तुकारामदादा होते. सरांनी त्यांनाच पुढं बसवलं आणि त्यांच्या घराची नोंद उघडली. नाव आलं, वाडी आली, घर क्रमांक आला. खाली माणसांची यादी यायची होती. ती रिकामीच आली.

दादा स्क्रीनकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "घर हाय. मानसं नायत."

सरांनी नोंद बंद करून पुन्हा उघडली, यादी पुन्हा रिकामीच.

"आमच्याकडं दरडीत असं खरंच झालेलं हाय," दादा उठता उठता म्हणाले. "हे असं ठेवू नका गो."

ते गेल्यावर कवितानं दप्तर परत टेबलावर ठेवलं. "ताई, हे सापडल्याशिवाय दुसरं काही करायचं नाही."

तीन दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. कोड ओळीओळीनं वाचला. चूक माझ्या हायबरनेटमध्ये नव्हती, सरांच्या स्ट्रट्समध्ये नव्हती, कविताच्या स्प्रिंगमध्येही नव्हती. हायबरनेट आधी घर आणतं आणि आतली माणसं स्क्रीननं मागितली की मग आणतं. पण स्क्रीन मागायच्या आत डेटाबेसचं दार बंद होत होतं. दार उघडं ठेवणारी ओळ आम्ही लिहिलेली होती, फक्त स्ट्रट्सच्या ओळीखाली, म्हणजे तिची पाळी येतच नव्हती. ती वर घेतली. दादांच्या घरात सात माणसं दिसायला लागली.

सरांनी दादांना फोन केला. "दादा, माणसं आली."

पलीकडून एकच शब्द, "बरं."

*

आणि शेवटचा.

जुलैत एक दिवस पहाटेपासून कोसळत होता. तुकारामदादांची वाडी सकाळीच शाळेत हलवायला घेतली. आम्ही तिघं ऑफिसात बसून नोंदी बघत होतो. शाळेतले कार्यकर्ते नोंद करत आणि एकेक नावापुढं 'पोचले' येत होतं. अकरापर्यंत सगळी वाडी पोचली.

अर्ध्या तासानं दादांचा फोन आला. त्यांची चुलती भागाकाकी घरातून हलायलाच तयार नव्हती. तीन वेळा माणसं जाऊन आली होती. म्हातारी उंबऱ्यात बसून होती, दादा समोर अंगणात उभे. "माझ्या सासूनं हे घर सोडलं नाय, मी बी नाय सोडनार."

कविता स्क्रीनकडे बघत होती. "ताई, पण इथं तर काकी पोचल्यात."

खरंच, भागाकाकीच्या नावापुढं 'पोचले' लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "दादा, शाळेत कुणाकडून तरी चुकीची नोंद झालीय. लगेच काढते."

"थांब," दादा म्हणाले. "इतक्यात काढू नको. तिचा पोरगा मुंबईहून बघत असंल."

तेवढ्यात, दादांनी नंतर सांगितलं ते असं, काकीच्या कमरेचा मोबाइल वाजला. मुंबईहून मुलगा होता, आवाज अंगणापर्यंत येत होता. त्यानं साइट बघितली होती. "आये, पोचलीस ना शाळंत? साइटवर दिसलं. बरं झालं गो. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आता जेवतो."

काकीनं फोन कमरेला खोचला. पावसाचं इरलं डोक्यावर घेतलं, दाराला कडी घातली आणि चिखलातून शाळेच्या दिशेनं चालायला लागली.

मागून जात दादांनी विचारलं, "काय गो काकी, निघालीस?"

"काय करू?" काकी म्हणाली. "पोराला जेवायला सांगून बसलीय ना ती तुमची साइट."