वकीलअण्णांचा कान

केशवापूरच्या आमच्या गल्लीत वकीलअण्णा बोलता बोलता मध्येच थांबले, की समजायचं: रस्त्यावरून एखादं आजारी इंजिन चाललंय. समोर पक्षकार असो की जावई, गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांचं वाक्य अर्धंच राही.

माझे वडील, अप्पा, गेल्यावर त्यांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल मी चालवू लागले. धारवाडच्या शाळेत शिकवायला रोज तिच्यावरून जायचे. एका उन्हाळ्यात गाडी एकदम हलकी पळायला लागली. मी खुशीत अण्णांना सांगितलं.

"तेच वाईट," अण्णा म्हणाले. "रेसची मूठ सोडल्यावर आवाज लगेच उतरतो?"

"नाही. थोडा वेळ तसाच राहतो."

"मग आज बसनं जा. हिचं ऑइल पेट्रोलमधूनच येतं. इंजिनात पेट्रोल कमी जातंय, म्हणजे ऑइलही कमी. भर हायवेवर इंजिन धरलं, चाक जाम झालं, तर मागचा ट्रक थांबणार नाही."

संध्याकाळी त्यांनी प्लग काढून माझ्या हातावर ठेवला. कॉफीच्या रंगाचा असायला हवा होता. चुन्यासारखा पांढरा पडला होता. मेकॅनिकनं कार्बोरेटर नुकताच साफ केला होता, तो पुन्हा तपासायला मी निघाले. "निधान," अण्णा म्हणाले. घाईच्या माणसाला 'सावकाश' ते नेहमी कन्नडमध्येच सांगत. मग चालू गाडीच्या कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबरी जोडावर त्यांनी थेंबथेंब पाणी सोडलं. एका जागी आवाज बदलला. तिथं केसाएवढी चीर होती. तिच्यातून जादा हवा आत शिरत होती.

"संशय सगळ्यांवर घ्यावा," ते म्हणाले, "आरोप एकावरच."

पुढं अण्णांना ऐकू येईनासं झालं. कोर्टात जाणं सुटलं, आणि लेक त्यांना बेळगावला घेऊन गेली. जाण्याआधी त्यांनी आपली मोटरसायकल विकून टाकली. "आवाज कळत नाही त्यानं चालवू नये," एवढंच बोलले.

गेल्या हिवाळ्यात मी बेळगावला त्यांना भेटायला गेले, अप्पांच्या मोटरसायकलवरूनच. ते काठी टेकत फाटकापाशी आले. "चालू कर," म्हणाले, आणि पेट्रोलच्या टाकीवर तळवा ठेवला. "कसं वाजतंय, सांग."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगत गेले. आवाज एकसारखा आहे, मूठ सोडली की लगेच उतरतो. ते डोळे मिटून मान हलवत राहिले.

"बंद कर आता, पेट्रोल जळतंय," थोड्या वेळानं ते म्हणाले. हात मात्र त्यांनी टाकीवरून काढला नाही. मीही गाडी बंद केली नाही.