साडी परत ठेवताना

मी आयुष्यात एकदाच दुकानातून साडी चोरली, आणि पकडला गेलो तो ती परत ठेवताना.

प्रकरण भाचीच्या लग्नाच्या बस्त्याचं. चुडाव्याहून आम्ही सतरा जण परभणीच्या एका कापड दुकानात शिरलो. (साड्या निवडायच्या तर मत द्यायला माणसं नकोत?) साड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे नवरीच्या आईनं, मला पिशव्या सांभाळायला बसवलं. "तू फकस्त इथं बस. आन् आपलं काय पडलं-बिडलं तर पिशवीत टाक," एवढीच आक्काची आज्ञा. सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलेला माणूस आज्ञा पाळण्यात कमी पडेल होय?

साड्या दाखवायला रामभाऊ नावाचे एक वयस्कर, शांत गृहस्थ होते. विहारातल्या लग्नासाठी नवरीची पांढरी साडी पाऊण तासात ठरली, पण जावा-नणंदांच्या साड्या निवडेपर्यंत दुपार कलली. मधेच आक्काला एक मोरपंखी साडी आवडली. नणंदेची नजर पडायच्या आत तिनं ती सरळ मांडीखाली घेतली आणि वर ठाण मांडून बसली! (बस्त्यात साडी राखून ठेवायची आमच्याकडची ही खात्रीशीर पद्धत.) तासाभरानं तिला दुसरीच आवडली. ती उठली आणि मोरपंखी तिथंच, आमच्या पिशवीला टेकून राहिली. मला वाटलं, आपलंच पडलंय. मी तिची सुरेख घडी घातली आणि पिशवीत टाकली.

घरी बस्ता उघडला आणि आक्का किंचाळली, "आरं, ही कशी आली?"

"तूच बसली होतीस ना तिच्यावर?"

"बसले म्हंजी घेतली का? मंग दुकानातली गादी बी आनायची हुती!"

आता मी दर रविवारी विहारात पोरांना पंचशील समजावून सांगणारा माणूस. त्यातलं चोरी न करण्याचं शील तर मी फार रंगवून सांगतो. आणि इथं मोरपंखी साडी मांडीवर घेऊन बसलो होतो!

"दुकानात फोन लाव," आक्का म्हणाली.

"लावून काय सांगू? चोर बोलतोय म्हणून?"

आक्का हळूच म्हणाली, "आपल्याला साड्या त्या रामभाऊनं दाखवल्या. कमी भरली की पैलं नाव त्येंचंच. ह्या वयात कामावरनं काढलं तर कोन ठेवून घेईल त्येंला?"

मला घाम फुटला. तोवर मी फक्त माझ्या अब्रूचा विचार करत होतो, याची लाजही वाटली.

सकाळी पहिली गाडी पकडून परभणी गाठली. बेत साधा होता. गुपचूप आत जायचं, साडी ढिगात सरकवायची, चालू लागायचं. साडी सापडेल, रामभाऊ वाचतील आणि माझंही नाव निघणार नाही. (सरळ गोष्ट इतक्या वाकड्या वाटेनं फक्त शिकलेला माणूसच करू शकतो.)

दुकानात दुसऱ्याच कुणाचा बस्ता रंगात आला होता. मी घोळक्यात घुसलो. "तुमी नवरदेवाकडचे का?" एका जाडजूड बाईंनी विचारलं. मी "हो" म्हणालो. चहा आला. पलीकडून एका काकांनी विचारलं, "तुमी नवरीकडचे न्हवं?" मी त्यांनाही "हो" म्हणालो. दुसरा चहा आला! दोन चहांच्या मधे मी साडी ढिगात सरकवली. सुटलो एकदाचा, म्हणून उठणार, तोच त्या बाईंनी ती उचलली, इकडंतिकडं पाहिलं आणि मांडीखाली घेतली!

शेजारीच त्यांच्या पिशव्या होत्या. आणि पिशव्यांजवळ, अगदी माझ्यासारखाच, एक आज्ञाधारक माणूस बसला होता!

पुढचं सगळं मला लख्ख दिसलं. मी गुडघ्यांवर सरकत गेलो, साडीचं टोक धरलं आणि ओढलं.

"आगं बया! ह्यो मानूस साडी ओढायलाय!"

"कोन हाय ह्यो? तुमच्याकडला का?"

"न्हाई बा, तुमचाच की!"

"आमचा कशाला? चोर हाय, धरा!"

चहा पाजणाऱ्या काकांनीच माझी कॉलर धरली. "साडी चोरायलास व्हय?"

"चोरत नाही हो, परत ठेवतोय!"

"बाईच्या मांडीखाली?"

तेवढ्यात गर्दी सारत रामभाऊ आले, मागं दुकानाचे शेटजी. "सोडा त्येंला," रामभाऊ म्हणाले. "बगा शेटजी, म्या म्हनलो न्हवतो का, मास्तर साडी घिऊन येतील?"

काल संध्याकाळी घड्या घालतानाच त्यांना साडी कमी असल्याचं कळलं होतं. दोघांनी कॅमेरा पाहिला, त्यात मी ती पिशवीत टाकताना दिसलो. शेटजी पोलिसांत जायला निघाले होते. रामभाऊंनी अडवलं. "लग्नाचं घर हाय, चुकून गेली आसंल. दोन दिस थांबा. न्हाई आली तर मला घरी बसवा," असं म्हणून हा माणूस, अर्ध्या दिवसाच्या ओळखीवर, माझ्यासाठी स्वतःची नोकरी पणाला लावून बसला होता!

मला गहिवरून आलं. इकडं मी त्यांना वाचवायला निघालो होतो, आणि त्यांनी मला कालच वाचवलं होतं. मी त्यांचे दोन्ही हात धरले. "रामभाऊ, फार उपकार झाले तुमचे. पण एवढा विश्वास कशावरून टाकलात? चेहऱ्यावरून?" (शिक्षकाच्या तेजाबद्दल दोन शब्द ऐकायची माझी तयारी झाली होती.)

"चेहऱ्यावरून न्हाई ओ," रामभाऊ म्हणाले. "साडी पिशवीत घातल्यावर तुमी वर त्या क्यामेऱ्याच्या काळ्या काचंत बगून कंगव्यानं भांग पाडला. आसला चोर आसतोय व्हय कुटं?"

शेटजींनी हसत तिसरा चहा मागवला. तो पिताना मी मनोमन दोघांचे आभार मानले. एक रामभाऊंच्या मोठ्या मनाचे, आणि दुसरे माझ्या डोक्यावर उरलेल्या त्या चार केसांचे!