आत्याच्या काळ्या गिटारी

माझ्या आत्याचे हात कधीच एका रंगाचे नसायचे. नखांच्या कडेला काळं, बोटांच्या पेरांवर लाल आणि तळहातावर मधासारखं काहीतरी पिवळट. नात्यातल्या लग्नात कुणी नाक मुरडलं, तर ती हात आणखी पुढे करायची. "धुतलेत हो. हा रंग आहे, मळ नाही."

बाबा गिटार बनवायचे आणि त्यांची ही धाकटी बहीण त्या रंगवायची. आत्यानं लग्न केलं नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी तिचं सगळं आयुष्य गेलं. दुकानाच्या पाटीवर बाबांचं नाव होतं, गिटारीच्या पोटात चिकटवलेल्या चिठ्ठीवरही बाबांचंच. आत्याचं नाव निघायचं ते फक्त गिटार बिघडली की.

कशी बिघडायची ते सांगते, नाहीतर माझा संताप तुम्हाला कळायचा नाही. बाबा गिटारीच्या साध्या लाकडावर मॅपल नावाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा सरसानं चिकटवायचे. त्या पापुद्र्यात आडव्या लाटा असतात, पण कोऱ्या लाकडात त्या लपून बसतात. तिरप्या उजेडात धरलं तरच दिसणार. त्यांना बाहेर काढणं हे आत्याचं काम. ती आधी सगळ्यावर काळा स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, फिरवायची. नवखा माणूस हळहळायचाच, इतकं सुंदर लाकूड या बाईनं बुडवलं म्हणून. वाळला की ती पॉलिश पेपरनं तो काळा घासून काढायची. वरवरचा निघून जायचा, लाटांनी आत ओढून घेतलेला तेवढा राहायचा. त्यावर लाल रंगाचा बोळा फिरवला की लाकूड हलतंय असं वाटायचं. घासताना हात जरा जड पडला तर पापुद्रा संपून खालचं साधं लाकूड उघडं पडतं. आत्याच्या हातून ते कधीही झालं नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

गोम होती ती बाबांच्या सरसात. त्यांचा हात भारी सैल. कमी लावला तर पापुद्रा सुटतो, म्हणून भसाभसा लावायचे आणि वरून क्लॅम्प आवळायचे. मग सरस जाणार कुठे? पापुद्र्यातून वर झिरपायचा. कोरड्या लाकडावर तो दिसत नाही, पण सरस प्यायलेलं लाकूड रंग पीत नाही. तेवढाच ठिपका फिकट राहतो. आत्या दर वेळी आधी ओलं फडकं फिरवून तो ठिपका बाबांना दाखवायची. बाबा म्हणायचे, "काही होत नाही, लाव तू रंग." रंग लावला की व्हायचं ते व्हायचंच. मग बाबा सगळ्यावर जाड काळा रंग मारायला लावायचे. लाटाबिटा सगळ्या गडप. आणि गिऱ्हाईकाला सांगायचे, "बहिणीच्या हातून रंग जरा चुकला, म्हणून काळी केली." घरात त्या गिटारींना नावच पडलं होतं, 'आत्याच्या काळ्या'. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

आजी होती तोवर आत्यानं तोंड उघडलं नाही. "दुकान त्याच्या नावावर चालतं गं, सांभाळून घे," असं आजी तिला म्हणायची. आजी गेली, आणि त्यानंतर आली ती मास्तरांची गिटार.

मास्तर गिटार शिकवायचे. ढिगातून पापुद्रा त्यांनी स्वतः निवडला होता. तसल्या लाटा आमच्या दुकानात कधी आल्या नव्हत्या. बाबांनी तो चिकटवला, नेहमीच्याच उदार हातानं. आत्यानं ओलं फडकं फिरवलं, आणि खालच्या गोलाईवर बोराएवढा ठिपका उमटला.

"दादा, बघ."

"काही होत नाही. लाव तू रंग."

आत्यानं लावला. काळा, मग घासणं, मग लाल, मग कडेला थोडा गडद. तिनं आजवर केलेल्या कामात ते सगळ्यात देखणं होतं. मी पुढचा काउंटर सांभाळायचे, पण त्या दिवसांत माझे पाय सारखे मागच्या खोलीकडे वळायचे. त्या लाल लाटांमध्ये तो ठिपका मात्र बसला होता, फिकट आणि निर्लज्ज.

मास्तर येणार त्या सकाळी बाबा मागे आले. "काळी करून टाक. मी त्यांना समजावतो."

काळ्या रंगाचा मोठा डबा टेबलाखाली होता. आत्यानं तो पायानं बाहेर ओढला, झाकण थापटून घट्ट केलं आणि त्याच्यावर बसली.

"ऊठ," बाबा म्हणाले.

"नाही उठत."

"अगं, गिऱ्हाईक दारात येईल आता!"

"येऊ दे की. मी बसलेय."

बसली ती बसलीच. बाबांनी आवाज चढवला, मग उतरवला, मग मला म्हणाले, "तू तरी सांग तुझ्या आत्याला." मी म्हटलं, "आत्या, पाठीला उशी देऊ का?" बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. मला फार बरं वाटलं.

मास्तर आले ते थेट मागच्या खोलीत. गिटार त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. ती खिडकीशी नेली, अलीकडे वळवली, पलीकडे वळवली. मग त्यांचा अंगठा त्या ठिपक्यावर थांबला.

"हे काय आहे?"

"त्याचं असं आहे मास्तर," बाबांनी नेहमीचं सुरू केलं, "बहिणीच्या हातून रंग जरा..."

"सरस आहे तो," आत्या डब्यावरूनच म्हणाली. "जास्त झालेला सरस वर आलाय. तिथं कुणाचाच रंग धरणार नाही. आणि आजवर जेवढ्या काळ्या गिटारी इथून गेल्या ना, त्या सगळ्यांखाली असाच सरस आहे. ही मी काळी करणार नाही. तुम्हाला नको असेल तर राहू दे. मी ती पुढच्या काचेत लावीन, ठिपका रस्त्याकडे करून."

नजर तिनं खाली घातली नाही.

मास्तरांनी बाबांकडे पाहिलं. "खरं का हो?"

बाबांनी 'नाही' म्हटलं असतं, तर आत्या त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवणार नव्हती, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. बाबांनाही ते दिसलं असावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. भिंतीवरच्या हत्यारांकडे बघत ते काहीतरी पुटपुटले.

मी अगदी शेजारी होते, म्हणून मला ऐकू आलं. "सरस माझाच."

आत्या डब्यावरून उठली. लाल-काळे हात तिनं कमरेवर ठेवले.

"दादा, मोठ्यानं सांग," ती म्हणाली. "मास्तरांना ऐकू आलं नाही."