वहीतली चाळीस मिनिटं

शैला गेली त्याच्या चार दिवस आधी मी तिच्या घरी एक गोष्ट सांगायला गेले होते, आणि न सांगताच परत आले. आता सव्वा महिना झाला. घरात, कॉलेजात, कुठेच मला एका जागी बसवत नाही. म्हणून जे तिला सांगायचं होतं ते इथे लिहिते आहे... उशिरा, आणि भलत्यांनाच.

रत्नागिरीच्या एकाच कॉलेजात आम्ही पंचवीस वर्षं होतो. ती भौतिकशास्त्र शिकवायची, मी रसायनशास्त्र. औषधाच्या बाटलीत ओल शोषून घेणारी छोटी पुडी असते ना, तिच्यातल्या सिलिकाच्या जातीचीच पावडर आम्ही बनवायचो; फक्त आमच्या सिलिकातली भोकं एका मापाची आणि ओळीने लागलेली असायची, साध्या सूक्ष्मदर्शकाला पत्ता लागणार नाही इतकी बारीक. त्यांत पाण्याची वाफ कशी शिरते आणि कशी बाहेर पडते, याचा शैलाला ध्यास. पावडरीवर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक कोनांत विखुरतात आणि आलेखावर शिखरं उमटतात. भोकं भरू लागली की शिखरं खाली बसतात, रिकामी झाली की पुन्हा वर येतात. आत न डोकावता आतलं कळतं. मात्र वाफ जरा कमी-जास्त केली की दर वेळी शिखर स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबणं माझ्या रक्तात नाही. एकदा देवरुखहून येताना संगमेश्वरला एसटी बंद पडली, तर मी तरातरा चालत सुटले. अर्ध्या तासाने त्याच एसटीने मला रस्त्यात उचललं. शैला खिडकीशी बसून शेंगा खात होती. "पोचलीस काय गो?" एवढंच म्हणाली.

सात वर्षांपूर्वी परराज्यातल्या एका मोठ्या संशोधन केंद्रात आम्हाला क्ष-किरणांच्या यंत्रावर दोन दिवस मिळाले. शैला प्रत्येक नोंदीला चाळीस मिनिटं थांबायची. मी चुळबुळ केली की म्हणायची, "गप बस गो, पिऊ दे त्याला सावकाश." दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी बाहेर काढण्याची पाळी आली. शैला जेवून दोन तास पडायला गेली आणि मी एकटीच बसले. शिखर हलतंय का नाही तेच कळेना, माझा जीव नुसता वर-खाली... मी दहा-दहा मिनिटांत तीन नोंदी उरकल्या, उरलेला वेळ बाहेर फेऱ्या मारल्या आणि वहीत तिन्ही ठिकाणी चाळीस लिहिलं. संगणकात खरी वेळ उमटलेली होतीच. तिने ती कधी पडताळली नाही, कारण वही माझ्या हातची होती आणि माझ्यावर तिचा विश्वास होता.

आत पाणी किती उरलं ते दाखवणाऱ्या उतरत्या आलेखात नेमक्या त्याच जागी एक पायरी आली. शैला हरखून गेली. काही भोकांची तोंडं अरुंद असणार, तिथे पाणी अडून राहतं, असं तिने मांडलं. आमच्या दोघींच्या नावाने लेख छापून आला. पुढची सात वर्षं ती त्या पायरीचं गणित करत राहिली आणि मी मान डोलावत राहिले. आधी वाटलं, पायरी कदाचित खरीही असेल. मग छापलेल्या लेखाची भीती वाटली. मग तिचा आनंद बघून तोंड उघडेना. मी भित्री आहे, हे सरळच लिहिते.

या वर्षी तिला पुन्हा यंत्रावर वेळ मिळाला आणि त्याच सुमाराला आजाराने तिला अंथरुणाला खिळवलं. म्हणून मी सांगायला गेले होते. तर तीच उशीला टेकून म्हणाली, "मी नसले तर तू जा. पायरीच्या आजूबाजूला दहा नोंदी जास्त घे. आणि घाई करू नकोस हां." मी "बरं" म्हटलं.

तिच्या तेराव्यानंतर मी गेले. प्रत्येक नोंदीला पूर्ण वेळ थांबले, येरझाऱ्या घालून पायांचे तुकडे पडले. आलेख सरळ उतरला. पायरी नव्हती. तेव्हा पाणी बाहेर पडायच्या आतच मी नोंदी घेतल्या होत्या, एवढंच.

परत आल्यावर त्या छापील लेखाच्या शुद्धिपत्राचा कागद घेऊन तिच्या नवऱ्याकडे, प्रकाशरावांकडे गेले. मिरकरवाडा बंदरात ते मासेमारी लाँचची इंजिनं दुरुस्त करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"म्हणजे सात वर्षं ती जे करत होती..."

"माझ्या खोट्यावर करत होती."

"तेव्हाच सांगितलं असतंत तर चिडली असती. दोन दिवस बोलली नसती तुमच्याशी," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी नवीन काहीतरी सुरू केलं असतंन तिने."

याहून मोठी शिक्षा कोणी मला देऊ शकलं नसतं.

शुद्धिपत्र मी पाठवलं, दोष कोणाचा ते नावानिशी लिहून. शैलाच्या घरच्या टेबलावर तिच्या अकरा वह्या आहेत, सगळ्या त्या पायरीच्या. प्रकाशरावांच्या परवानगीने मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसते आणि माझं खोटं वगळून त्यांत काय उरतं ते शोधते. चौथ्या वहीपर्यंत आले आहे. अजून फारसं काही हाती लागलेलं नाही. पण अक्षर तिचं आहे, त्यामुळे पान उलटायची घाई होत नाही.