काकवीची बाटली

"ही बाटली कुणाची गं?"

सिस्टरनं माझ्या लघवीची बाटली वर धरली होती. दोन बोटांत, नाकापासून लांब. बाकड्यावरच्या सगळ्या बायकांनी मान वर केली. माझीच होती, म्हणून मी उठले.

आत डॉक्टर मॅडम दुसऱ्या एका बाईचा बीपी बघत होत्या. दार उघडंच होतं. सिस्टर म्हणाली, "मॅडम, हिच्या लघवीत साखर दिसतीय. पट्टीचा रंग बदलला." मॅडमनी माझ्याकडं नाही, बाटलीकडं बघितलं.

"कशाची बाटली होती ही?"

मी खरं सांगितलं. "काकवीची."

आधी सिस्टर हसली. मग मॅडम. मग बीपीवाली बाईसुद्धा, हाताला पट्टा तसाच ठेवून.

"कुठल्या वस्तीतली तू?"

मी वस्तीचं नाव सांगितलं.

"वाटलंच."

त्या 'वाटलंच'चा अर्थ सोलापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मला तर मुळीच नाही. शाळेत पाण्याच्या हंड्याला हात लावला तेव्हा बाई असंच म्हणाल्या होत्या, वाटलंच.

"बाटली धुवायची अक्कल नाही आणि लेकरं काढायची घाई," मॅडम म्हणाल्या. बाटली टेबलाखालच्या बादलीत गेली. "पुढच्या महिन्यात नीट घेऊन ये. जा."

बाहेर आले तर आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वतःच्या चपलांकडं बघत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आम्ही दोघी जिना उतरलो.

आता त्या बाटलीचं सांगते. माझं माहेर माढ्याकडचं. आमच्याकडं पोरगी पहिल्यांदा गरोदर राहिली की माहेरून काकवी येते. उसाचा रस आटत आला की गूळ व्हायच्या आधी दाट पाक होतो, ती काकवी. भाकरीबरोबर खायची. रक्त वाढतं म्हणतात. आईनं गुऱ्हाळावर स्वतः उभं राहून ती बाटलीत भरून घेतली आणि एसटीनं घेऊन आली. अंगावरची साडी मळलेली, बाटली मात्र फडक्यात गुंडाळलेली.

ती बाटली रिकामी झाली होती. काचेची, घट्ट झाकणाची. घरात दुसरी चांगली बाटलीच नव्हती. मी गरम पाण्यानं धुतली. सोडा घालून धुतली. उन्हात पालथी घातली. वास घेऊन बघितला, आत्यांनाही दिला. त्या म्हणाल्या, "काय सुदिक वास न्हाय." मग भरली. आम्हाला वाटलं, दवाखान्यात न्यायची वस्तू, चांगल्या बाटलीत न्यावी.

दवाखाना बदलायचा विचार आला नाही का, असं कुणी विचारेल. मी आणि माझे मालक, म्हणजे नवरा, दोघंही अक्कलकोट रोड एमआयडीसीत एकाच कारखान्यात. ते लूमवर, मी टॉवेलच्या कडा शिवते. आणि मॅडम म्हणजे कारखान्याच्या शेटची भावजय. कामावरच्या बायका तिथंच जायच्या, तसं ठरूनच गेलं होतं. दुसरीकडं गेलं की शेटला कळायचं. मग शेट विचारायचे, आमच्या घरची डॉक्टर चालत नाही का तुला.

पुढच्या महिन्यात मी मेडिकलमधून पांढरी प्लास्टिकची डबी घेतली. पाकिटातली, नवी. पाकीट दवाखान्यातच फोडलं आणि तिथल्याच संडासात जाऊन भरली. सिस्टरच्या हातात दिली. तिनं पट्टी बुडवली आणि बघत राहिली.

"मॅडम, काकवीवाली. परत गोड."

मॅडम काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"हिचं सोड. हिचं सगळंच गोड असतं. पुढची घे."

परत हसल्या. मी डबीकडं बघत होते. डबी नवी आहे, असं म्हणायचं होतं मला. मी दहावी पास आहे, मला बोलता येतं. वजन केलं, गोळ्या घेतल्या, खाली उतरले.

त्या महिन्यापासून तहान लागायला लागली. तांब्या तोंडाला लावला की संपेपर्यंत खाली ठेवत नव्हते. आणि सारखं उठायचं लघवीला. कारखान्यात संडास मागच्या बाजूला, सुताच्या गाठींच्या गोदामापलीकडं. सुपरवायझर म्हणायचा, मशीन इथं आहे, तू कुटं फिरतीस. रात्री मी घरच्या मोरीतच बसायचे, तिथं मुंग्या व्हायला लागल्या. आत्या पाणी ओतायच्या आणि म्हणायच्या, "काकवी सांडली आसंल कुटंतरी."

काकवी मी रोज खात होते. आईनं दुसरी बाटली पाठवली होती. हे मला अजून समजत नाही. लघवीत साखर, आणि तोंडानं मी सांगतेय काकवी. पण एकीनंही विचारलं नाही की बाई, तू काकवी खातेस का. बंद कर म्हणायला किती वेळ लागतो. हसायला वेळ होता.

पोट लई मोठं झालं. कारखान्यातल्या बायका म्हणायच्या, पैलवान हाय आत. जेवणाच्या सुट्टीत डब्यातलं गोडधोड माझ्यापुढं सरकवायच्या. माझ्या शेजारच्या मशीनवर एक तेलुगू बाई शिवते, तिला सगळे अक्का म्हणतात. ती एकटीच म्हणाली, "येवढं पानी पितीस, रगत बगितलं का गं तुजं?" मी म्हणाले, मॅडम बघतात की. अक्कानं डब्याचं झाकण लावलं. मॅडम शेटच्या घरच्या.

नववा लागला होता. एका सकाळी भाकरी थापताना लक्षात आलं की बाळ हललं नाही. रात्रीही हललं नव्हतं का, आठवेना. आत्यांनी डाव्या कुशीवर झोपवलं, पाणी पाजलं. मग त्यांनी पोटावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. मालकांनी रिक्षा आणली. या खेपेला कुणी शेटच्या मॅडमचं नाव काढलं नाही, सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं.

पोरगी होती. लई मोठी होती. केस दाट. गाल वर आलेले. झोपल्यासारखी वगैरे काही दिसत नव्हती, मेलेलीच दिसत होती.

एक तरुण डॉक्टर आला. त्यानं माझं रक्त तपासायला घेतलं होतं. म्हणाला, "ताई, तुमची साखर खूप वाढलेली आहे. आधी कधी तपासली नव्हती का?"

मी म्हणाले, "लघवीत दिसली हुती."

"मग? पुढं रक्ताची तपासणी?"

तो थांबला. मग खाली बसून बोलला. तेच कारण असेल असं छातीठोक सांगता येत नाही. पण लघवीत साखर दिसली की ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त बघायला पाहिजे. गरोदरपणात कुणालाही होतं हे. वेळेत कळलं तर औषधपाणी करता येतं. तो चांगला बोलत होता. मला त्याच्या शर्टाचं बटण दिसत होतं, तेवढंच.

घरी आले तर दूध आलं. आत्यांनी छातीला टॉवेल आवळून बांधला. आमच्याच कारखान्यातला. कड मीच शिवलेली असणार.

मी रडले नाही. बायका म्हणाल्या, रड गं, मोकळी हो. येत नव्हतं. कामावर गेले. टॉवेल घ्यायचा, कड दुमडायची, सुई खाली, दोरा तोडायचा, पुढचा. तीच तर सवय होती हाताला. आई भेटायला आली, तिनं मोकळ्या हातानंच यावं म्हणून मी आधीच फोन करून सांगितलं होतं. पुष्कळ दिवस मला वाटायचं की बाटलीनंच केलं. मी दुसरी बाटली नेली असती तर त्या हसल्या नसत्या. हसल्या नसत्या तर बघितलं असतं. आत्याही तसंच काहीतरी धरून बसल्या होत्या, कारण बाटलीचा वास त्यांनीही घेतला होता.

मग एकदा मशीनवर बसल्याबसल्या ती पांढरी डबी आठवली. पाकिटातली. तिला तर काहीच लागलेलं नव्हतं. मी मशीन थांबवली. अक्कानं विचारलं, काय झालं. मी म्हणाले, काय न्हाय. पण हातातला टॉवेल मी मुठीत आवळला होता. राग होता तो. किती दिवसांनी काहीतरी आलं अंगात.

परत दिवस गेले तेव्हा मालक म्हणाले, शेटनी विचारलंय, मॅडमकडं जा. मी म्हणाले, "जाते."

तोच जिना. तेच बाकडं. सिस्टर तीच. माझ्याकडं बघून म्हणाली, "काकवीवाली का गं तू?" बाकड्यावरच्या दोघीतिघी हसल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं, सिस्टर हसली म्हणून हसल्या. मी पण तशीच हसले असते एखादवेळी.

आत गेले. मॅडम म्हणाल्या, "या वेळी बाटली धुऊन आणलीस ना?"

"बाटली आणली न्हाय," मी म्हणाले. "तुमच्या डबीत देते. आन रगत बी तपासा. ग्लुकोजचं पानी पाजून तपासत्यात, तसं."

"तू मला शिकवतेस?"

"न्हाय. मागच्या टायमाला माझ्या लघवीत साखर दिसली हुती. दोनदा. तुमी हसला. माझी पोरगी पोटातच मेली."

सिस्टर दार लावायला गेली. मी म्हणाले, "दार राहू द्या. त्या वक्ताला बी उगडंच हुतं."

"आवाज खाली कर."

"आवाज खालीच हाय माझा."

खरंच खाली होता. मी ओरडले नाही. ओरडायला काहीतरी लागतं आत, ते माझ्यात उरलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, तुमच्यासारख्यांना फुकट बघायचं आणि वर हे ऐकायचं. घाणेरड्या बाटलीतून काय कळणार होतं.

"बाटलीचं सोडा," मी म्हणाले. "दुसऱ्या बारीला नवी डबी हुती. पाकीट हितंच फोडलं. तिला काय लागलं हुतं, तेवढं सांगा."

मॅडमनी पेन उचललं, परत ठेवलं. सिस्टर जमिनीकडं बघत होती. तिला ती डबी आठवत होती, मला दिसलं ते.

"बाहेर जा," मॅडम म्हणाल्या.

"जाते. पर तुमी सांगितलं न्हाय."

बाहेर बाकड्यावर आता कुणी हसत नव्हतं. एक पोरगी हातातली बाटली ओटीत लपवत होती. कसल्यातरी सिरपची होती. मी तिला म्हणाले, लपवू नको गं.

तिथून सरकारी दवाखान्यात गेले. ग्लुकोजचं पाणी दिलं, गोडमिट्ट. मळमळलं, पण उलटी होऊ दिली नाही. उलटी झाली की परत करावं लागतं, असं तिथली नर्स म्हणाली. भिंतीला टेकून बसले. मग रक्त घेतलं. साखर होतीच. आता जेवण बघून जेवते, संध्याकाळी आत्या मला चालायला नेतात, पोटाला इन्सुलिनची सुई टोचून घेते. सुई आत्याच टोचतात. दुसऱ्या कुणाला देत नाहीत. आज आठवा चालू आहे. बाळ हलतं. हललं की मी कामातला हात थांबवते, सुपरवायझर बघत असला तरी. काय होईल ते मला ठाऊक नाही. आशा वगैरे बोलू नका माझ्याशी, मी साखर बघते.

मी मॅडमशी बोलले, त्याच आठवड्यात शेटनी मालकांना बोलावलं होतं. म्हणाले, घरच्या बाईचा अपमान झालाय, तुझ्या बायकोनं जाऊन माफी मागावी, नाहीतर दोघांचं बघावं लागंल. मालक घरी येऊन बराच वेळ चप्पल न काढता उंबऱ्यात उभे राहिले. मग म्हणाले, "एकदा म्हण की सॉरी. शब्दच हाय."

मी म्हणाले, "न्हाय."

ते म्हणाले, "काम जाईल."

"जाऊ द्या. कडा शिवायला सोलापुरात कारखाने लई हायत. पोरगी एकच हुती."

त्यांनी चप्पल काढली आणि आत आले. परत तो विषय काढला नाही. शेटनी अजून तरी कामावरून काढलेलं नाही.

टॉवेलच्या घड्या घालायला एक नवी पोरगी आलीय, तिसरा महिना लागलाय तिला. तिला शेटच्या मॅडमकडंच जायला सांगितलंय. काल जेवणाच्या सुट्टीत तिनं मला हळूच विचारलं, "ताई, लगवी कशात न्यावी वं? बाटली कसली चालती?" मी म्हणाले, बाटली न्यायचीच नाही. तिथं मागायची.

मंगळवारी मी तिच्याबरोबर जाणार आहे. पोट घेऊन तो जिना चढणार आहे. आत घेतलं नाही तर दारात बसेन. मला काकवीवाली म्हणाले तर ओ देईन. पण त्या पोरीच्या डबीत पट्टी बुडवली की काय दिसलं, ते कळल्याशिवाय तिला उठू देणार नाही. सिस्टरनं ते मोठ्यानं सांगायचं. दार उघडं ठेवून. माझं सांगितलं होतं तसंच, बाकड्यावरच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं.