स्मोक डिटेक्टरच्या टोप्या

शेठनी छताकडे बोट दाखवलं. "हे काय आहे?"

रूम नंबर एकशे तीन. छताला बशीएवढा पांढरा स्मोक डिटेक्टर. धूर लागला की तो कोकलतो. त्या डिटेक्टरला कोणीतरी शॉवर कॅप घातली होती. गेस्टच्या बाथरूममध्ये ठेवतो ती, इलॅस्टिकवाली, प्लॅस्टिकची.

मी रिसॉर्टचा मॅनेजर. उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं, पण करोनाच्या लॉकडाऊननंतर मीही त्या रूममध्ये पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. पाच महिने वाशिंदला घरी अडकलो होतो. मुरबाडकडच्या गावांनी वेशीवर काटेकुटे टाकून रस्ते बंद केले होते. परवानगी मिळाली तेव्हा श्रावण संपत आला होता, आणि पाऊस अजून थांबायचं नाव घेत नव्हता.

शेठ नुसते फिरायला आले नव्हते. घाटावरचं त्यांचं दुसरं हॉटेल त्यांनी आदल्या आठवड्यात उघडून पाहिलं होतं. गाद्यांना बुरशी, भिंतींना पोपडे, बाथरूममध्ये गटाराचा वास. ते त्यांनी बंदच करायचं ठरवलं. आमचंही तसंच निघालं तर जागा एका गोदामवाल्याला द्यायची, असं गाडीतून उतरतानाच म्हणाले. गोदामाला ना हाउसकीपिंग लागतं, ना मॅनेजर. आम्ही चौदा माणसं होतो. त्यातली बारा आजूबाजूच्या वाड्यांमधली.

लोकांना वाटतं, हॉटेल बंद म्हणजे कुलूप लावलं की झालं. तसं नसतं. रूम वापरात असली तरच रूम राहते. बेसिनखाली पाइपला एक वाक असतो, त्याला आम्ही ट्रॅप म्हणतो. त्यात पाणी साचून राहतं म्हणून गटाराची हवा वर येत नाही. महिनाभर नळ सोडला नाही तर ते पाणी सुकतं. गाद्यांचं तर विचारूच नका. आमच्याकडच्या पावसात बंद खोलीतली गादी आठ दिवसांत बुरसटते.

हे सगळं मला माहीत होतं. तरी पाच महिन्यांत वॉचमनला फोन केला की मी एकच विचारायचो, "चोरी वगैरे नाही ना?" तो म्हणायचा, "नाय सर." विषय संपला. लाज वाटते, पण खरं तेच सांगतोय.

"कोणी केलं हे?" शेठ पुन्हा म्हणाले.

दारात हाउसकीपिंगच्या कमलताई उभ्या होत्या. शेजारच्या वाडीतल्या, घरची भातशेती, आमच्याकडे नऊ वर्षं.

"आमीच केलं, शेठ," त्या म्हणाल्या. "डबी कोकलायची ना."

"कशाने कोकलायची?"

"धुरानं."

दोन वर्षांपूर्वी याच बाईंनी लिनन रूममध्ये, म्हणजे चादरी-टॉवेलच्या खोलीत, घमेल्यात निखारे घेऊन कडुनिंबाचा पाला टाकला होता. अलार्म वाजला, गेस्ट नाइट ड्रेसवर लॉनवर धावले. मी त्यांना लेखी मेमो दिला होता. भाषा जरा कडकच होती.

"कमलताई, परत धूर?" माझा आवाज चढला.

"मग काय करायचं, सर? पावसात बंद घर असं ठेवतंय का कोण? आमच्यात घरात माणूस नसला तरी भावकीतलं कोणतरी जाऊन चूल पेटवून येतं. नायतर घर कुजतंय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कामावर कोणी बोलावलं नव्हतं. रिसॉर्ट गावाच्या वेशीच्या आत, त्यामुळे त्यांना कोणी अडवलंही नव्हतं. कमलताई आणि आणखी तिघी वॉचमनकडून किल्ल्या घेऊन रोज चार रूम उघडायच्या. गाद्या भिंतीला उभ्या करायच्या. घमेल्यात निखारे, वर कडुनिंब आणि निरगुडीचा पाला. भाताच्या कणगीत किडा लागू नये म्हणून घालतात तीच निरगुडी. दारं-खिडक्या सताड उघड्या, दोघी राखणीला, शेजारी पाण्याची बादली. पण डिटेक्टर गप्प बसेनात. म्हणून टोप्या.

"आणि नळ?" मी विचारलं.

"सोडलं ना रोजच्या रोज. फ्लशपण. तुमीच शिकवलंय, पाणी सुकलं का वास येतो म्हणून."

"मला का नाही कळवलं?"

"तुमी दुसरा मेमो दिला असता."

खरंच दिला असता.

शेठनी गादी दाबून पाहिली. बाथरूममध्ये जाऊन मास्क खाली केला आणि वास घेतला. बाहेर येऊन म्हणाले, "धुराचा वास येतोय."

आता संपलं, असं मला वाटलं. कमलताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "येतोय, शेठ. दोन दिस दारं उघडी ठेवली का जाईल. बुरशीचा नाय जात."

शेठ पलंगावर बसले. रिसॉर्टच्या रूममध्ये त्यांना बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग मला म्हणाले, "गोदामवाल्याला नाही म्हणून कळवा."

मला रडू आलं. मास्क तोंड झाकतो, डोळे नाही, त्यामुळे सगळ्यांना दिसलं. मी कमलताईंना हात जोडले. त्या म्हणाल्या, "असू दे सर, आमचंबी पोट हितंच हाय."

दिवाळीनंतर निम्म्या रूमवर आम्ही सुरू केलं. कल्याण-डोंबिवलीची कुटुंबं आली. एका बाईंनी विचारलं, रूम फ्रेशनर कोणता वापरता? म्हटलं, इन-हाउस. तो वास निरगुडीच्या धुराचा, हे त्यांना मी सांगितलं नाही, उगाच कणगीपासून सुरुवात करावी लागली असती.

कमलताईंच्या फाइलमधला मेमो मी त्यांच्यासमोर काढला. फाडणार, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. नव्या पोरींना दाखवायला बरा." म्हणून तो अजून आहे. त्याला मागून आभाराचं एक पत्र टाचलं आहे, तेही लेखी, आणि भाषा अजिबात कडक नाही.

पुढे शेठनी दमटपणा शोषायचं मशीन आणलं. चांगलं आहे. लाइट गेली की बंद पडतं, आणि आमच्याकडे पावसात लाइट जातेच. तेव्हा घमेलं निघतं. म्हणून रूम उघडण्याआधीच्या चेकलिस्टमध्ये मी शेवटी एक ओळ वाढवली आहे: "टोप्या काढल्या का?" तिथे आधी कमलताई सही करतात. त्यांची सही पाहिल्याशिवाय मी माझी करत नाही.